काय खरे, काय ठरते, काय करावे

९ जानेवारी १८९१ रोजी कलकत्त्यात सर अँड्र्यू स्कोबल यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात एक छोटे विधेयक मांडले. संमतिवय दहावरून बारा वर्षांवर न्यावे आणि विवाहित मुलींच्या बाबतीतही ते पाळले जावे, एवढाच त्याचा आशय होता. त्याच्या थोडे आधी बंगालमध्ये फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या संगामुळे मरण पावली होती. तिचे वय दहाच्या वर होते, म्हणून त्याला बलात्काराचे कलम लागू झाले नाही. विधेयक १९ मार्चला मंजूर झाले. मधल्या काळात पुण्यात जो वाद पेटला त्यात टिळक होते, आगरकर होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तर्क, संस्कृत आणि कायदा यांत इतकी मुरलेली माणसे एकाच प्रश्नावर भिडल्याचे प्रसंग मराठीत फार नाहीत. चिकित्सक विचार म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला मला हा वाद कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा उपयोगी वाटतो.

नीट उकलून पाहिले तर तो एक वाद नव्हताच. कोवळ्या वयातल्या समागमाने मुलीच्या शरीराचे काय होते, हा वैद्यकाचा प्रश्न होता. गर्भाधानाचा संस्कार प्रथम ऋतुप्राप्तीच्या वेळीच झाला पाहिजे की तो पुढे नेता येतो, हा ग्रंथांच्या अर्थाचा प्रश्न होता. भांडारकरांनी वचने काढून तो पुढे नेता येतो असे दाखवले, टिळकांनी त्या अर्थाला हरकत घेतली. परक्या सरकारने आमच्या घरातल्या चालीरीतींवर कायदा करावा का, हा राजकीय अधिकाराचा प्रश्न होता. कायदा झालाच तर तो मुलींना वाचवील की नुसता पोलिसांचा उपद्रव वाढवील, हा परिणामांच्या अंदाजाचा. आणि या सगळ्यांच्या तळाशी, त्या मुलीचे आपण काय देणे लागतो, हा नीतीचा प्रश्न होता. यांतल्या प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो. डॉक्टरांच्या साक्षीने ग्रंथाचा अर्थ ठरत नाही, आणि ग्रंथाचा अर्थ कितीही अचूक लावला तरी त्यातून सरकारचा अधिकार सिद्ध किंवा असिद्ध होत नाही.

टिळकांच्या बाबतीत न्यायाने बोलायला हवे. १८९० मध्ये त्यांनीच सुधारकांपुढे असा करार ठेवला होता की सही करणाऱ्यांनी मुलींची लग्ने सोळाव्या आणि मुलांची विसाव्या वर्षाआधी करू नयेत. त्यांना बालविवाहाचे समर्थक ठरवून मोकळे होणे म्हणजे त्यांचा मुद्दा न ऐकताच त्याला उत्तर देणे. त्यांचा मुख्य आक्षेप कायदा कोण करतो यावर होता, आणि पारतंत्र्यात तो आक्षेप वजनदारच होता. पण कायदा कोणी करावा याचे उत्तर मिळाले म्हणून मुलीला काय मिळावे याचे उत्तर मिळत नाही. समाजाचा राजकीय स्वाभिमान आणि दहा वर्षांच्या मुलीचा जीव एकमेकांसमोर उभे राहतात, तेव्हा जिला दोन्ही ठिकाणी बोलण्याचा अधिकार नाही तिची बाजू आधी धरली पाहिजे. या मुद्द्यावर आगरकर बरोबर होते असे माझे मत आहे. हे मत कशाच्या आधारावर टिकते, हे या लेखात पुढे येईल.

चिकित्सक विचाराची सगळी सामग्री मुळात तीन प्रश्नांसाठी घडलेली आहे. खरे काय आहे, त्यावरून काय ठरते, आणि मग काय करावे. पहिला प्रश्न प्रमाणांचा, दुसरा तर्काचा, तिसरा नीतीचा. बहुतेक भांडणे नासतात ती एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी बसवल्यामुळे.

पहिल्या प्रश्नावर आपल्या परंपरेत फार बारकाईने काम झाले आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थांची यादी आहे. तिचा क्रमच बोलका आहे: प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर लगेच संशय आणि प्रयोजन येतात, युक्तिवादाचे अवयव त्यांच्याही पुढे. खरी शंका आणि ती सोडवण्याचे काही कारण असल्याशिवाय विचार सुरूच होत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो. न्यायदर्शन मानणारे नैयायिक चार प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांतल्या शब्दप्रमाणाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. शब्दप्रमाण म्हणजे पोथीत लिहिले म्हणून खरे, असे पुष्कळांना वाटते. न्यायभाष्यकार वात्स्यायन मात्र आप्ताच्या वचनाला प्रमाण मानतो, आणि आप्त कोण याची कसोटीही देतो. ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जी जशी आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असेही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते. दीड हजार वर्षांहून जुना ग्रंथ सांगतो आहे की विश्वासार्हता जन्मावरून ठरत नाही. जाणकारी आणि प्रामाणिकपणा यांवरून ठरते.

ही कसोटी आजही पुरते. आपल्या ज्ञानाचा फार मोठा भाग शब्दावरच उभा आहे. पृथ्वीचे वय, औषधाचा डोस, पानिपतच्या लढाईची तारीख, यांतले काहीही आपण स्वतः पडताळलेले नसते. तेव्हा कोणावरही विश्वास ठेवू नका हा सल्ला निरुपयोगी आहे. विचारायचे ते इतकेच: सांगणाऱ्याला या विषयातले ठाऊक आहे का, आणि खोटे सांगण्यात त्याचा काही लाभ आहे का? नामांकित हृदयशल्यविशारद अर्थकारणाबद्दल बोलू लागतो तेव्हा तो त्या विषयातला आप्त राहत नाही. फोनवर पुढे ढकलत आलेल्या संदेशाला तर मूळ सांगणाराच नसतो, म्हणून पहिला प्रश्नही विचारता येत नाही.

दुसरा प्रश्न अनुमानाचा. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. शाळकरी वाटणाऱ्या या उदाहरणावर भारतीय तार्किकांनी शतकानुशतके खल केला. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हातात घेऊन बसलेला पाठशाळेतला विद्यार्थी याच धुरापासून सुरुवात करीत असे. अनुमान टिकते ते व्याप्तीवर, म्हणजे जिथे जिथे धूर तिथे तिथे आग या अभंग साहचर्यावर. उलट बाजूने मात्र ते मोडते. जिथे आग तिथे धूर असे म्हणता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. आगीतून धूर निघायला ओल्या सरपणाची गरज लागते. या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. आकडेवारीचा कोणताही दावा ऐकताना मला या संकल्पनेइतकी दुसरी कोणतीही उपयोगी पडलेली नाही. इंग्रजी माध्यमातली मुले पुढे जातात, म्हणून माध्यम बदला, हा सल्ला घरोघरी दिला जातो. पण ती मुले ज्या घरांतून येतात त्या घरांचे उत्पन्न, आईवडिलांचे शिक्षण, शिकवणीवर होणारा खर्च हे सगळे बाजूला काढल्यावर माध्यमाच्या वाट्याला किती उरते? ओले सरपण शोधण्याचाच हा प्रकार आहे.

निर्दोष वाटणारा पण खोटा हेतू, म्हणजे अनुमानासाठी दिलेले खोटे कारण, तो हेत्वाभास. गौतमाने त्याचे पाच प्रकार सांगितले. त्यांतला साध्यसम रोजच्या बोलण्यात सर्वांत जास्त भेटतो: पुढे केलेले कारणच साध्याइतके असिद्ध असणे, बहुधा जे सिद्ध करायचे तेच वेगळ्या शब्दांत कारण म्हणून दिल्यामुळे. बायकांनी रात्री बाहेर पडू नये, कारण चांगल्या घरच्या बायका रात्री बाहेर पडत नाहीत. वाक्यात ‘कारण’ हा शब्द आहे, पण कारण कुठेच नाही.

ग्रीक परंपरेने याच प्रश्नाची दुसरी बाजू धारदार केली. ॲरिस्टॉटलने विचाराचा आशय बाजूला ठेवून त्याचा आकार तपासायला शिकवले. आपल्याकडे बारावीच्या कला शाखेत तर्कशास्त्र घेणारा विद्यार्थी हाच फरक शिकतो: युक्तिवाद वैध असणे वेगळे आणि त्याची आधारविधाने खरी असणे वेगळे. सर्व मासे उडतात, पापलेट मासा आहे, म्हणून पापलेट उडतो, हा युक्तिवाद पूर्ण वैध आहे. खोटे आहे ते पहिले विधान. उलट दिशेची चूक जास्त धोक्याची असते, कारण तिथे सगळी विधाने खरी असतात. डेंग्यू झाला की प्लेटलेट कमी होऊ शकतात, याच्या प्लेटलेट कमी आहेत, म्हणून याला डेंग्यूच झाला आहे. प्लेटलेट मलेरियातही उतरतात, इतर विषाणूंच्या तापातही उतरतात. आकार चुकलेला असल्यामुळे निष्कर्ष खरा निघाला तरी तो योगायोगच.

निगामी युक्तिवादात निष्कर्ष आधारविधानांच्या बाहेर जात नाही. विगामी युक्तिवाद पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याबद्दल बोलतो, म्हणून त्यात धोका असतो. चार्वाकांनी हाच धोका दाखवून अनुमानालाच आव्हान दिले होते: सगळे धूर आणि सगळ्या आगी कोणी पाहिल्या आहेत? १८व्या शतकात डेव्हिड ह्यूमने स्वतंत्रपणे हीच शंका मांडली. तिचे शेवटचे उत्तर अजून कोणाला सापडलेले नाही. विसाव्या शतकात कार्ल पॉपरने वाट बदलली. सिद्धान्त सिद्ध करता येत नाही हे मान्य करा, पण तो खोटा ठरू शकेल अशी परीक्षा घ्या, असे त्याने सांगितले. कोणत्याच निरीक्षणाने खोटा ठरू शकत नाही असा दावा जगाबद्दल काहीही सांगत नसतो.

अशी परीक्षा कशी घ्यायची, याचा उत्तम नमुना महाराष्ट्रातच घडला. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. बुद्धिमान मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर, अशा एकूण दोनशे कुंडल्या जमवल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस दिल्या, आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते कुंडलीवरून सांगायला सांगितले. उत्तरे पाठवणारे ज्योतिषी सत्तावीस होते. सर्वांत चांगली कामगिरी चाळीसपैकी चोवीस, आणि सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली. एका ज्योतिषसंस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही साधारण इतकीच येतात. मला या चाचणीत निकालापेक्षाही तिची रचना मोलाची वाटते. दावा काय आहे ते आधी ठरवले, यश कशाला म्हणायचे ते आधी ठरवले, आणि ज्योतिष्यांना जिंकण्याची पूर्ण संधी दिली. ज्याच्या मताला विरोध करायचा त्याला अशी संधी देणे हा चिकित्सेचा भागच आहे.

शक्यतांच्या बाबतीत शिकलेली माणसेही सहज घसरतात. १९७८ मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांतले डॉक्टर आणि विद्यार्थी अशा साठ जणांना एक प्रश्न विचारला गेला. हजारात एकाला होणारा आजार आहे, आणि त्याची तपासणी निरोगी माणसांपैकी ५ टक्के लोकांना चुकून आजारी ठरवते. एखाद्याची तपासणी पॉझिटिव्ह आली, तर त्याला खरोखर तो आजार असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त लोकांनी ९५ टक्के असे उत्तर दिले. हिशेब सोपा आहे: हजार लोक तपासले तर खरा रुग्ण एक, आणि चुकून आजारी ठरलेले सुमारे पन्नास. म्हणजे शक्यता जवळजवळ दोन टक्के. हे उत्तर साठांपैकी अकरा जणांनी दिले. मुळात आजार किती विरळा आहे, याकडे बाकीच्यांचे लक्षच गेले नाही.

तर्काची हत्यारे कितीही चांगली असली तरी ती कोणत्या वृत्तीने वापरायची हा प्रश्न राहतो, आणि न्यायसूत्रांनी त्यालाही जागा दिली आहे. खरे काय ते शोधण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी केलेली, छल आणि आडमार्ग चालवून घेणारी चर्चा म्हणजे जल्प. स्वतःचे काहीही न मांडता दुसऱ्याचे पाडणे म्हणजे वितंडा. चरकसंहितेच्या विमानस्थानातही वैद्यांच्या चर्चेचे दोन प्रकार येतात: मैत्रीने केलेली संधाय संभाषा आणि वैराने केलेली विगृह्य संभाषा. रुग्णाच्या जिवाशी गाठ असलेल्या शास्त्राला चर्चेची रीत ठरवावीशी वाटली, यात नवल नाही. जल्पात सर्वांत जास्त चालते ते माणसावर बोट दाखवणे. आगरकरांना त्यांच्या विरोधकांनी धर्मबुडवे म्हटले, त्यांच्या हयातीत त्यांची प्रेतयात्राही काढली. त्यांचे युक्तिवाद त्यामुळे एका अक्षरानेही कमकुवत झाले नाहीत. ऐकणाऱ्यांना मात्र ते ऐकण्यापासून दूर ठेवता आले.

आता तिसरा प्रश्न, काय करावे. इथे पुष्कळ सुशिक्षित माणसे तर्क खाली ठेवतात आणि म्हणतात, हा ज्याच्या त्याच्या मूल्यांचा भाग आहे. मला हे पूर्णपणे नामंजूर आहे. त्यामागची एक खरी गोष्ट मात्र मान्य करायला हवी, आणि ती ह्यूमनेच १७४० मध्ये दाखवली: नुसत्या ‘आहे’च्या विधानांमधून ‘करावे’ हे विधान निघत नाही. लहान वयातल्या समागमाने मुलीला इजा होते, हे वैद्यकाचे विधान. म्हणून तो गुन्हा मानावा, हा निष्कर्ष काढायला मध्ये आणखी एक विधान लागते: जिला संमती देता येत नाही तिला इजा करू नये. संमतिवयाच्या वादात हे मधले विधान क्वचितच कोणी मोठ्याने उच्चारले. आगरकरांची थोरवी मला यात दिसते की ते त्यांनी उच्चारले, आणि शास्त्रवचन विरुद्ध गेले तरी ते सोडले नाही.

मधले विधान उघडपणे मांडले की त्याच्यावरही विचार करता येतो, आणि नीतिशास्त्राचे काम तिथे सुरू होते. बेंथम आणि मिल परिणामांकडे पाहतात: कोणत्या कृतीने एकूण दुःख कमी होईल? कांट १७८५ च्या आपल्या ग्रंथात विचारतो, तुम्ही ज्या नियमाने वागता तो सगळ्यांनी पाळावा असे तुम्ही म्हणू शकता का, आणि समोरच्या माणसाला तुम्ही केवळ साधन म्हणून तर वापरत नाही? ॲरिस्टॉटलच्या वाटेने जाणारे कृतीपेक्षा माणसाच्या घडणीकडे पाहतात. मराठीत या मतांची पहिली मोठी आणि कसून केलेली तपासणी टिळकांच्याच ‘गीतारहस्या’त आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात अहिंसा, सत्य यांसारखी कर्तव्ये एकमेकांना छेदतात तेव्हा काय करायचे, याची चर्चा आहे. सुखाची बेरीज करून नीती ठरवता येत नाही, कर्त्याची समबुद्धी ही खरी कसोटी, असा टिळकांचा कौल आहे. त्यांचा मिलवरचा आक्षेप मला बराचसा पटतो: बहुसंख्यांच्या सुखाच्या नावाने थोड्यांवर काहीही लादता येऊ शकते. त्यांचे स्वतःचे उत्तर मात्र मला अपुरे वाटते. कर्त्याची बुद्धी कितीही शुद्ध असली तरी ज्याला सोसावे लागते त्याला विचारल्याशिवाय ती आंधळी राहू शकते. संमतिवयाच्या वादात बोलणारे बहुतेक सगळे पुरुष होते.

म्हणून नैतिक युक्तिवादाच्या ज्या कसोट्या मला विश्वासार्ह वाटतात त्या साध्या आहेत. सारख्या प्रकरणांत सारखा निकाल द्यावा. वेगळा द्यायचा असेल तर फरक कोणता आणि तो महत्त्वाचा का, हे सांगावे. दुसऱ्याच्या जागी स्वतः असतो तर हाच निकाल मान्य झाला असता का, हे विचारावे. वस्तुस्थिती चुकीची असेल तर निकाल बदलायला तयार असावे. आणि आपले तत्त्व एखाद्या ठिकाणी भयंकर निष्कर्षाकडे नेत असेल तर तत्त्वही दुरुस्त करावे. जॉन रॉल्सने आपल्या १९७१ च्या ग्रंथात याच पद्धतीला, म्हणजे तत्त्वे आणि प्रत्यक्ष निवाडे एकमेकांवर घासून दोन्ही सुधारत नेण्याला, सविस्तर रूप दिले. यात गणितासारखी खात्री मिळत नाही. पण मत आणि विचारपूर्वक ठरवलेले मत यांतला फरक यातूनच तयार होतो.

नियम आणि तत्त्व यांतला फरक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जितका स्वच्छ मांडला तितका मी इतरत्र वाचलेला नाही. नियम ठरलेल्या रीतीने वागायला सांगतो, आणि चुकला तरी त्याच्यातून बाहेर पडायची सोय नसते. तत्त्व निवाडा करण्याची पद्धत देते, म्हणून त्यानुसार वागणारा आपल्या कृतीला जबाबदार राहतो. त्या ग्रंथाचा रोख हिंदू धर्मशास्त्रावर आहे, पण कार्यालयातल्या परिपत्रकापासून वैद्यकातल्या आचारसंहितेपर्यंत हा फरक सगळीकडे लागू पडतो.

या फरकाचे सर्वांत ठोस उदाहरण महाडचे आहे. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्यावर पाणी प्यायले. काही सवर्णांनी दावा लावला: अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. रूढी अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, हा त्याचा आधार होता. कायद्याच्या दृष्टीने एवढे पुरेसे होते. पण न्यायालयाने उत्तर दिले ते पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे खरे काय आहे याचे. रूढी खरोखरच हजार वर्षांची निघाली असती तर? माणसाला पाण्यापासून दूर ठेवणे त्या हजार वर्षांनी न्याय्य ठरले असते का?

त्या प्रश्नाचे उत्तर पुराव्यांच्या कागदांत सापडणार नव्हते. ते मूल्य म्हणून कोणीतरी उघडपणे मांडावे लागणार होते. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानात ते मांडलेले आहे. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावे घेऊन म्हटले आहे की राज्याच्या पैशाने चालणाऱ्या किंवा लोकांसाठी खुल्या केलेल्या अशा जागांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध घालता येणार नाही. रूढी किती जुनी आहे, हा प्रश्न त्या कलमात विचारलेलाच नाही.